संरक्षणाच्या पैशांवर संसदेत कुणी काही विचारतं का?

माझी सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर अर्थसंकल्पावर बोलायला इकडून तिकडून बोलावणं येतं. व्याख्यान कशावरही असो, प्रश्नोत्तरं सुरू झाली की एखादे निवृत्त सुभेदार नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एखादी मुलगी उठून हेच विचारते, "सर, सैन्यावर आणि सीमेवर लाखो कोटी खर्च होतात. त्यावर संसदेत कुणी काही बोलतं का? की बाकं वाजवली आणि मंजूर?"

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयार असतं. काहींना ऐकायचं असतं की खासदार नुसते झोपा काढतात. काहींना ऐकायचं असतं की सुरक्षेच्या पैशांवर प्रश्न विचारणं म्हणजेच देशद्रोह. दोघांचंही माझ्याकडून समाधान होत नाही. सुरक्षेवर सभागृहात कडाक्याची भांडणं होतात. पैशांची चौकशी होते ती सभागृहाबाहेर, बंद दाराआड. आणि ज्या दिवशी पैसे प्रत्यक्ष मंजूर होतात, त्या दिवशी बहुतेक वेळा कुणी काहीच बोलत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता जरा नीट सांगतो.

आधी रक्कम बघू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये दिले गेले. केंद्राच्या एकूण खर्चाच्या १३.४५ टक्के, कुठल्याही मंत्रालयापेक्षा जास्त. पण हा काही एकरकमी धनादेश नसतो. लोकसभेपुढे त्याच्या चार वेगवेगळ्या मागण्या, म्हणजे पैसे मागणारे प्रस्ताव, येतात. पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, देखभाल यांसाठीच्या महसुली मागणीला ३,११,७३२ कोटी. विमानं, तोफा, जहाजं यांच्या भांडवली मागणीला १,८०,००० कोटी. निवृत्तिवेतनाला १,६०,७९५ कोटी. उरलेले २८ हजार कोटींच्या वर 'मुलकी' नावाच्या मागणीत. 'मुलकी' म्हटल्यावर मंत्रालयातल्या खुर्च्या-टेबलं डोळ्यांपुढे येतात, पण तटरक्षक दल आणि सीमेवरचे रस्ते बांधणारी बीआरओ या दोघांचे पैसे याच मागणीत असतात. अर्थसंकल्पाची कागदपत्रं वाचताना शीर्षकावर विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या खात्यातली जुनी शिकवण.

आणि यात बीएसएफ कुठेच नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर उभं असलेलं सीमा सुरक्षा दल, चीनच्या बाजूचं आयटीबीपी, नेपाळ-भूतानकडचं एसएसबी ही सगळी गृहखात्याची दलं. त्यांचे पैसे गृह मंत्रालयाच्या 'पोलीस' या मागणीतून येतात. एकट्या बीएसएफची तरतूद २०२५-२६ मध्ये २८ हजार कोटींच्या घरात होती. म्यानमारच्या सीमेवरच्या आसाम रायफल्सची तर आणखी गंमत आहे. हुकूम लष्कराचा, कारभार आणि पैसा गृहखात्याचा. पूर्व लडाखमध्ये लष्कराचा जवान आणि आयटीबीपीचा जवान एकाच रेषेवर, एकाच थंडीत उभे असतात. एकाच्या बुटांचा हिशेब संरक्षणाच्या समितीपुढे जातो, दुसऱ्याच्या बुटांचा गृहखात्याच्या समितीपुढे. कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने 'एक सीमा, एक दल' असं धोरण सुचवलं आणि कुठल्या दलाने कुठली सीमा सांभाळायची याची वाटणी झाली. पैशांची वाटणी मात्र तशीच दोन घरांत राहिली. त्यामुळे "सीमेच्या रक्षणाला एकूण किती?" हा साधा प्रश्न विचारला, तर एका ओळीत उत्तर देणारा कागद कुठेच सापडत नाही.

आता हे पैसे मंजूर कसे होतात ते पाहा. १ फेब्रुवारीला अर्थमंत्री भाषण करतात. दूरचित्रवाणीवर त्या दिवशी जो गोंधळ चालतो, तो अर्थसंकल्प मांडल्याचा असतो, मंजूर झाल्याचा नव्हे. मग सर्वसाधारण चर्चा होते, अधिवेशनाला सुट्टी लागते आणि त्या सुट्टीत प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या त्या त्या स्थायी समितीकडे, म्हणजे खासदारांच्या छोट्या गटाकडे, जातात. मार्चमध्ये सभागृह पुन्हा बसलं की निवडक खात्यांच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा होते. ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ झाली की राहिलेल्या सगळ्या मागण्या अध्यक्ष एकत्र मताला टाकतात. आवाजी मतदान होतं आणि विषय संपतो. याला संसदेत गिलोटिन म्हणतात.

२०२५ मध्ये लोकसभेने रेल्वे, जलशक्ती आणि कृषी या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा केली. संरक्षण गिलोटिनखाली गेलं. राज्यसभेत त्याच महिन्यात गृह मंत्रालयाच्या कामकाजावर दणदणीत चर्चा झाली, पण राज्यसभेला मागण्यांवर मत देण्याचा अधिकारच नाही. तिथे बोलता येतं, पैसा रोखता येत नाही. २००४, २०१३, २०१८ आणि २०२३ या वर्षी तर सगळ्याच्या सगळ्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या, त्यात सरकारं दोन्ही बाजूंची होती. म्हणून कुणी एका पक्षाकडे बोट दाखवून हा प्रश्न विचारला, की मी ही चार वर्षं मोजून दाखवतो.

यातलं २०१८ साल मला विसरता येत नाही, कारण त्या वर्षी दोन तारखा अगदी पाठोपाठ आल्या.

१३ मार्च २०१८ रोजी संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल संसदेत मांडले गेले. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीपुढे जे सांगितलं, ते त्यात छापलेलं होतं. लष्कराकडची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट गटात मोडते, २४ टक्के चालू काळातली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त ८ टक्के. आधुनिकीकरणाला त्या वर्षी २१,३३८ कोटी दिले होते. आधीच करार झालेल्या १२५ योजनांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे होते. म्हणजे नवीन काही घेणं सोडा, जुनी देणीही भागत नव्हती. अर्थसंकल्पाने आमच्या आशांवर पाणी फिरवलं, अशा अर्थाचं ते बोलले. गणवेशातला माणूस खासदारांपुढे इतकं उघड बोलतो आणि ते छापूनही येतं, असं वारंवार घडत नाही. समितीचे अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, सत्ताधारी पक्षाचेच खासदार. तरीही अहवालात काही मऊ केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, १४ मार्चला, लोकसभेत गदारोळ चालू होता. एकीकडे बँक घोटाळा, दुसरीकडे आंध्रला विशेष दर्जा. त्या गोंधळातच सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या आणि वित्त विधेयक साधारण अर्ध्या तासात मंजूर झालं. ज्या २१,३३८ कोटींबद्दल आदल्या दिवशी एवढं लिहिलं होतं, ते त्यातच होते. घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल उघडला असेल, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो आणि सोडून देतो. सहा महिन्यांनी समित्यांची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद खंडुरींकडून दुसऱ्याकडे गेलं. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला.

इथे लोक विचारतात, "मग त्या समितीने पैसे वाढवून का नाही दिले?" हे कळायला दोन नियम शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ प्रमाणे लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. वाढवायचा अधिकार फक्त सरकारचा. दुसरीकडे, लोकसभेच्या नियमांप्रमाणे स्थायी समितीच्या अहवालात कपात सूचनेसारखं काही सुचवता येत नाही. म्हणजे सभागृहाला कापता येतं पण वाढवता येत नाही, आणि समितीला "वाढवा" अशी विनंती करता येते पण "कापा" म्हणता येत नाही. संरक्षणावरचे समितीचे अहवाल वर्षानुवर्षं "तरतूद अपुरी आहे, आणखी द्या" या सुरातले का असतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. "हे पैसे वाया चाललेत, कमी करा" असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

सभागृहाकडे कपातीचं हत्यार आहे, पण ते बोथट झालंय. कपात सूचना तीन प्रकारची असते. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा, अशी. काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करा, अशी. आणि एखादी तक्रार वेशीवर टांगायची असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करा, अशी. लाखो कोटींतून शंभर रुपये! ऐकून लोक हसतात, पण हीच सर्वात उपयोगी सूचना, कारण तिच्या निमित्ताने एका नेमक्या गोष्टीवर मंत्र्याला उभं करता येतं. अडचण अशी की कपात सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास, असा संकेत पडलाय. त्यामुळे सत्ताधारी बाजूचा एकही सदस्य तिला हात लावत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर खासदारकीच जाते. बरं, संरक्षणाच्या मागणीवर कपात सूचना दिली की संध्याकाळी "सैन्याचे पैसे कापायला निघाले" अशी पट्टी वृत्तवाहिनीवर फिरते. ती विकतची डोकेदुखी कोण घेणार?

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटी मांडला जाई, सुरुवातीच्या महिन्यांपुरतं लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती मंजुरी, घेतलं जाई आणि मागण्यांवर एप्रिलभर निवांत चर्चा चाले. ११ एप्रिल १९६१ ला संरक्षणाच्या मागण्यांवर बोलताना आचार्य कृपलानींनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जे धारेवर धरलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. सैन्यात कंपू निर्माण केले, मनोबल खच्ची केलं, गरीब देशाचा पैसा उधळला, चीनच्या आक्रमणाकडे दुर्लक्ष केलं, असे त्यांचे आरोप होते. सेनापतींच्या बढत्यांपासून पैशांपर्यंत सगळं त्यात आलं. मागण्या अर्थातच मंजूर झाल्या. पुढच्या वर्षी उत्तर मुंबईत हेच दोघे समोरासमोर लढले आणि मेनन मोठ्या मताधिक्याने जिंकले. त्यानंतर काही महिन्यांतच चीनने हल्ला केला, मेनन यांना जावं लागलं आणि यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला बोलावणं आलं. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. चव्हाण दिल्लीत गेल्यावर संसदेत त्यांना काय सोसावं लागलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९६३-६४ ची संरक्षणाची तरतूद आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून जास्त करावी लागली. ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ३४७ विरुद्ध ६२ असा पडला, पण त्या चर्चेत सरकारची सालटी निघाली. आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष लोकसभेत सांगितले. मूळ हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मात्र सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. तपशील झाकून का होईना, मंत्र्याने सभागृहापुढे येऊन चुकांची यादी वाचली, याचं मला तरी मोल वाटतं.

युद्ध चालू असतानाही चर्चा झाली होती. ८ ते १४ नोव्हेंबर १९६२ या काळात, सीमेवर लढाई पेटलेली असताना, लोकसभेत दीडशेहून जास्त सदस्य बोलले. त्याच्या उलट उदाहरण २०२० चं. १५ जूनला गलवानमध्ये आपले वीस जवान मारले गेले. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केलं, पण त्यावर खुली चर्चा झाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अरुणाचलात यांगत्से इथे झटापट झाली, तेव्हाही निवेदन झालं आणि विरोधकांनी सभात्याग केला. ऑपरेशन सिंदूरवर मात्र जुलै २०२५ च्या अखेरीस दोन्ही सभागृहांत लांबलचक चर्चा झाली. लोकसभेत तर सोळा तास राखून ठेवले होते. भाषणं जोरदार झाली. मी बरीचशी ऐकली. विमानं किती पडली, युद्धविराम कुणी घडवला, नेहरूंनी काय केलं, हे सगळं आलं. हवाई दलाच्या तुकड्या मंजूर संख्येपेक्षा कमी का आणि गेल्या वर्षी भांडवली खर्चाचे पैसे परत का गेले, हे ओझरतंच आलं.

पैसे परत जातात? हो. इथे बरेच श्रोते चमकतात. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाला १,७२,००० कोटी दिले होते. सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटींवर आले. म्हणजे साडेबारा हजार कोटी त्या वर्षी वापरले जाणार नाहीत, हे सरकारनेच मान्य केलं. शस्त्रखरेदीत चाचण्या, वाटाघाटी, पुरवठादाराची दिरंगाई यांत वर्षं जातात, आणि ३१ मार्च काही कुणासाठी थांबत नाही. न वापरलेला पैसा व्यपगत होतो, म्हणजे परत तिजोरीत जातो. पंधराव्या वित्त आयोगाने यावर उपाय म्हणून वर्ष संपलं तरी न संपणारा एक स्वतंत्र निधी सुचवला होता, २०२१ ते २०२६ साठी २,३८,३५४ कोटींचा. स्थायी समितीही वर्षानुवर्षं तेच सांगत होती. आयोगाला अभिप्रेत होता तसा निधी काही उभा राहिला नाही. अर्थखात्याला अशी वेगळी तिजोरी नको असते, आणि हिशेबनीस म्हणून त्यांची बाजू मला कळते. संसदेला दरवर्षी न विचारता पडून राहणारा पैसा ही फार चांगली सवय नव्हे. पण मग दरवर्षी विचारणारं कुणी असायला हवं ना?

सीमेचं म्हणाल, तर तिथे पैसा असून काम अडतं. माझा भाचा बीएसएफमध्ये आहे, बंगालच्या बाजूला. सुट्टीवर आला की म्हणतो, "मामा, तुमच्या कागदावर कुंपण सरळ रेघ असते." प्रत्यक्षात ते सीमेच्या शून्य रेषेपासून दीडशे यार्ड आत घालावं लागतं, कारण १९७५ च्या दोन्ही देशांतल्या संकेताप्रमाणे त्या पट्ट्यात संरक्षणात्मक बांधकाम करायचं नाही. त्यामुळे आपल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी कुंपणापलीकडे राहिल्या. ठरलेल्या वेळी गेट उघडतं, शेतकरी ओळखपत्र जवानाकडे ठेवतो, बैल, नांगर, डब्याची पिशवी सगळं तपासून पलीकडे जातो, आणि संध्याकाळी तेवढीच डोकी परत आली का ते मोजतात. गावात कुणाचं लग्न असलं, कुणी आजारी असलं, की गेटच्या वेळेवरून कुरबुरी होतात. त्या भाच्याला दारूगोळ्याच्या टक्केवारीपेक्षा या गेटची कटकट जास्त.

या कुंपणाबद्दल गृह मंत्रालयाने २०२५ च्या सुरुवातीला संसदेत दिलेलं उत्तर बघा. बांगलादेशाशी एकूण सीमा ४,०९६.७ किलोमीटर. कुंपण झालं सुमारे ३,२३२ किलोमीटरला. राहिलं ८६४ किलोमीटर, त्यातल्या १७४ किलोमीटरवर नदी, दलदल, दरड यांमुळे ते घालणंच शक्य नाही. बाकीचं का रखडलं? भूसंपादन, शेजारच्या दलाचे आक्षेप, पावसामुळे कामाला मिळणारे थोडेच महिने. सीमा व्यवस्थापन आणि पायाभूत सुविधांसाठी मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये पाच वर्षांना १३,०२० कोटी मंजूर केले होते. तरतूद दुप्पट केली तरी जमीन राज्य सरकारच्या हाती असते. म्हणून या विषयावरचा खरा वाद लोकसभेत कमी आणि केंद्र-राज्य यांच्यात जास्त रंगतो. बीएसएफचा अधिकार पंजाब, बंगाल, आसाममध्ये सीमेपासून पन्नास किलोमीटर आतपर्यंत नेणारी अधिसूचना ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाली, तेव्हा पुढच्याच महिन्यात पंजाब आणि पश्चिम बंगालच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले. म्यानमारच्या सीमेवर कुंपण घालण्याची घोषणा झाली, तर २०२४ मध्ये मिझोरमच्या विधानसभेने विरोध नोंदवला, कारण पलीकडे त्यांचेच नातेवाईक राहतात. आमदारांना या खर्चावर मत देता येत नाही, पण सीमा ज्यांच्या परसातून जाते ते तेच आहेत.

माझ्या खात्याबद्दल बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, हे ठाऊक आहे. खर्च झाल्यावर कॅग, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांची यंत्रणा, तपासते आणि तिचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो. हे काम स्वभावतःच वरातीमागून घोडं आहे. कारगिलसाठी घाईने केलेल्या खरेदीतलं बहुतांश साहित्य लढाई संपल्यावर पोचलं, हे २००१ च्या अहवालाने दाखवलं, पण लढाई झाल्यावर दोन वर्षांनी. तरी तो उशिराचा कागद कामाचा असतो. २०१५ मध्ये संसदेत आलेल्या अहवालाने सांगितलं की लष्कराच्या दारूगोळ्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवस पुरण्याइतकाही नव्हता. २०१७ च्या पाठपुराव्यात हे प्रमाण ४० टक्के होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात सियाचीन-लडाखच्या जवानांची गोष्ट होती. बर्फातल्या गॉगलची टंचाई, आणि नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात नवे बहुउपयोगी बूट न मिळाल्यामुळे जुनेच पुन्हा दुरुस्त करून वापरायला दिलेले. सरकारी भाषेत 'रिसायकल'. वीस हजार फुटांवर दुसऱ्याच्या पायातले बूट घालून रात्रपाळी करायची म्हणजे काय, हे अहवालात लिहीत नाहीत. महिने आणि टक्केवारी लिहितात. सभागृहात यावर रान उठायला हवं होतं. दोन-चार दिवस बातम्या झाल्या, मग विषय मागे पडला.

गुप्ततेचं कारण नेहमी पुढे केलं जातं, आणि ते सगळं खोटं नाही. समितीच्या अहवालांत जागोजागी मजकुराऐवजी नुसत्या चांदण्या (***) छापलेल्या असतात. तिथला मजकूर खासदारांनी बंद खोलीत ऐकलेला असतो. हे मला मान्य आहे. पण बूट, गॉगल, कुंपणाचं गेट, परत गेलेले साडेबारा हजार कोटी यांत गुप्त काय आहे? जे उघड आहे, छापलेलं आहे, त्यावरच बोलायला कुणाला वेळ नाही. अग्निपथसारखी योजना, जिच्यामुळे पुढच्या कित्येक दशकांचा पेन्शनचा हिशेब बदलेल, १४ जून २०२२ ला मंत्रिमंडळाने जाहीर केली. कायदा करायची गरज नसल्यामुळे संसदेला आधी विचारायचीही गरज पडली नाही. योजना चांगली की वाईट, हा वेगळा वाद. तो आधी सभागृहात व्हायला हवा होता, एवढंच मी म्हणतो.

यावर सुभेदारसाहेबांचा पुढचा प्रश्न असतो, "मग आम्ही आमच्या खासदाराला काय विचारायचं?" मी सांगतो, "तुम्ही सैन्याच्या बाजूने आहात का?" असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. सोंगं सगळ्याची आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणून पैशाचं विचारा. अर्थसंकल्पाच्या तक्त्यात प्रत्येक तरतुदीपुढे आकड्यांचे चार रकाने असतात. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रात चौथा रकाना छापून येतो. तुम्ही मधले दोन शेजारी ठेवून वाचा आणि फरक का पडला, ते विचारा. समितीने गेल्या वर्षी काय सुचवलं आणि सरकारने त्याला काय उत्तर दिलं, हे कार्यवाही अहवालात छापलेलं असतं. तोही घेऊन जा. संरक्षण समितीचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतील, बीएसएफ आणि कुंपणाचे राज्यसभेच्या, कारण गृहखात्याची समिती राज्यसभेकडे आहे. पैसे पडत नाहीत.